हात न लावता वाजणारं वाद्य: लिऑन थेरेमिनची गोष्ट आणि तुमच्या खिशातला फोन

गेल्या दिवाळीत सांगलीच्या घरी साफसफाई करताना माळ्यावर दोन जुने ट्रान्झिस्टर सापडले. बाबांचं पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, त्यातलाच हा उरलेला माल. सेल टाकले, दोन्ही रेडिओ शेजारी शेजारी ठेवले आणि एकाचं बटण फिरवत बसलो. एका जागी आल्यावर दुसऱ्याच रेडिओतून कुईंऽऽ अशी शिट्टी आली. मला वाटलं, बिघडला. बंद करायला हात पुढे केला तर शिट्टीचा सूर वर चढला. हात मागे घेतला तर सूर खाली. मी कुठेही स्पर्श केला नव्हता.

पुढचा अर्धा तास मी टेबलासमोर हवेत हात हलवत बसलो होतो. आई म्हणाली, याला काय झालंय? बाबा मात्र हसले आणि म्हणाले की दुकानात असताना हा आवाज घालवण्यासाठी ते तासन्‌तास डोकं खाजवायचे.

बाबांसाठी जो बिघाड होता, त्याच आवाजातून शंभर वर्षांपूर्वी एका तरुण रशियन इंजिनिअरने वाद्य बनवलं होतं. त्याचं नाव लेव्ह सेर्गेयेविच तेर्मेन. जग त्याला लिऑन थेरेमिन म्हणून ओळखतं. आजच्या लेखात त्याची गोष्ट सांगतो. त्यात लेनिन आहे, न्यूयॉर्क आहे, तुरुंग आहे, हेरगिरी आहे. आणि तुमच्या फोनच्या स्क्रीनशी आणि गाडीवरच्या फास्टॅगशीही तिचं नातं आहे.

चेलो वाजवणारा इंजिनिअर

थेरेमिनचा जन्म १८९६ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. लहानपणी तो चेलो शिकला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून पायांमध्ये धरून वाजवायचा. संगीताचं रीतसर शिक्षण चालू होतं आणि सोबत विद्यापीठात भौतिकशास्त्रही. पहिलं महायुद्ध आलं आणि त्याला सैन्यात रेडिओचं काम मिळालं. म्हणजे विशीतच त्याच्याकडे दोन गोष्टी जमा झाल्या: सुराचा कान आणि रेडिओची जाण.

क्रांतीनंतर अब्राम योफे या मोठ्या शास्त्रज्ञाने त्याला पेट्रोग्राडमधल्या आपल्या संस्थेत बोलावलं. काम अगदी रुक्ष होतं. वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचं यंत्र बनवायचं होतं. यंत्रात रेडिओ लहरी तयार करणारं सर्किट होतं आणि वायूत फरक पडला की त्याचा आवाज बदलायचा. १९२० मध्ये हे काम चालू असताना थेरेमिनच्या लक्षात आलं की आपला हात जवळ गेला तरी आवाज बदलतोय.

दुसरा कोणी असता तर त्याने यंत्रावर पत्र्याचा डबा घालून हा त्रास बंद केला असता. बाबांनी दुकानात तेच केलं असतं. थेरेमिन चेलोवादक होता. त्याने हात हलवून त्या आवाजातून ओळखीची धून काढली, आणि संस्थेतली माणसं ऐकायला गोळा झाली.

हे चालतं कसं?

इथे थोडं तंत्र समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

पंख्याचा कंडेन्सर तुम्ही पाहिला असेल. दोन धातूचे पृष्ठभाग आणि मध्ये वीज न वाहून नेणारा थर, इतकाच कंडेन्सर. आता गंमत अशी की आपलं शरीर वीज वाहून नेतं. त्यामुळे धातूच्या दांड्यासमोर हात धरला की दांडा, हात आणि मधली हवा मिळून एक छोटासा कंडेन्सर आपोआप तयार होतो. हात जवळ गेला की त्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, वाढते. हा फरक अगदी बारीक असतो, पण रेडिओ सर्किटला तो कळतो.

थेरेमिनच्या वाद्यात दोन सर्किटं असतात. दोन्ही इतक्या वेगाने कंप पावतात की माणसाला ऐकू येणार नाही. समजा पहिलं सेकंदाला ३,००,००० वेळा. त्यात बदल होत नाही. दुसरं दांड्याला जोडलेलं. हात जवळ आला की त्याचा वेग थोडा कमी होतो, समजा २,९९,५६०. दोन्ही एकत्र मिसळले की त्यांच्यातला फरक वेगळा काढता येतो: ४४०. आणि सेकंदाला ४४० कंपनं म्हणजे पेटीवरची पांढरी सहा!

तानपुरा लावताना कधी शेजारी बसला असाल तर हे लगेच पटेल. जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की आवाज वांव-वांव असा डुलतो. तो डोल म्हणजे दोन तारांमधला फरक. थेरेमिनने हाच फरक इतका वाढवला की त्याचाच सूर झाला. या पद्धतीला हेटरोडाइन म्हणतात आणि रेडिओत ती आधीपासून वापरात होती.

वाद्यावर उभा दांडा उजव्या हातासाठी. हात जितका जवळ तितका सूर वर. डावीकडे एक आडवी धातूची कडी, ती आवाज लहान-मोठा करण्यासाठी. हात कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो, वर उचलला की मोठा. पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, पडदे नाहीत. मींड घ्यायला एकदम सोपं, पण एक सूर नेमका लावून धरायला भयंकर अवघड. हवेत खूण कुठे करणार? कानच लागतो.

लेनिनसमोर दोन यंत्रं

मार्च १९२२ मध्ये थेरेमिनला क्रेमलिनमध्ये बोलावणं आलं. समोर खुद्द लेनिन. थेरेमिनने वाद्य वाजवून दाखवलं आणि लेनिननेही हात हलवून पाहिला.

पण त्या दिवशी थेरेमिनने आणखी एक यंत्र दाखवलं होतं, जे बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलं जातं. ते होतं चोर पकडणारं यंत्र. तत्त्व तेच. धातूच्या वस्तूजवळ माणूस गेला की कपॅसिटन्स बदलतो, सर्किटला कळतं आणि घंटा वाजते.

मला या जागी थांबावंसं वाटलं. एकाच माणसाचं एकच सर्किट. त्याला लाउडस्पीकर जोडला की मैफल, घंटा जोडली की पहारेकरी. थेरेमिनचं पुढचं आयुष्य या दोन टोकांमध्येच गेलं, आणि कोणत्या टोकाला राहायचं हे ठरवणं फार वेळा त्याच्या हातात नव्हतं.

त्यानंतर तो रशियाभर फिरून कार्यक्रम करू लागला. मधल्या काळात, १९२६ मध्ये, त्याने दूरवर चित्र पाठवणारं यंत्रही बनवलं, म्हणजे सुरुवातीचा टीव्हीच. ते काम सरकारने गुप्त ठरवलं आणि लोकांपर्यंत पोहोचलंच नाही.

न्यूयॉर्कची दहा वर्षं

१९२७ मध्ये सोव्हिएत सरकारने त्याला युरोपच्या दौऱ्यावर पाठवलं. जर्मनी, पॅरिस, लंडन, सगळीकडे लोक थक्क. वर्ष संपता संपता तो न्यूयॉर्कला उतरला. १९२८ मध्ये अमेरिकेत वाद्याचं पेटंट मिळालं आणि आरसीए या बड्या रेडिओ कंपनीने ते बनवायचा हक्क विकत घेतला.

कंपनीला वाटलं, घरोघरी खपेल. हात हलवायचा की गाणं वाजतं, अजून काय पाहिजे? पण वाद्य १७५ डॉलरचं, लाउडस्पीकर आणि व्हॉल्व्हचा खर्च वेगळा. त्यात १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. ज्यांनी विकत घेतलं त्यांनाही कळलं की हात हलवणं आणि सुरात वाजवणं यात फार अंतर आहे. सुमारे ५०० नग बनवून कंपनीने काम थांबवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर डेमो व्हायरल, प्रॉडक्ट फ्लॉप.

थेरेमिन मात्र थांबला नाही. मॅनहॅटनमधल्या वेस्ट ५४ स्ट्रीटवर त्याचं घर आणि कार्यशाळा होती. तिथे तो एकामागून एक विचित्र वाद्यं बनवत गेला. संगीतकार हेन्री कॉवेलसाठी त्याने रिदमिकॉन बनवलं, ज्यात एकाच वेळी अनेक वेगवेगळ्या लयी यंत्र स्वतः वाजवायचं. आजच्या ड्रम मशीनचा हा पणजोबा. टर्प्सिटोन नावाच्या चौथऱ्यावर नर्तकाने अंग वर-खाली केलं की त्यातून सूर निघायचे. म्हणजे अख्खं शरीरच हाताचं काम करायचं. आइनस्टाइनसारखी माणसंही या कार्यशाळेत येऊन गेली.

क्लारा

या वाद्याला खरी वादक मिळाली ती क्लारा रॉकमोर. ती मूळची लिथुआनियातल्या विल्नियसची. चार-पाच वर्षांची असतानाच व्हायोलिनसाठी रशियातल्या नामांकित संगीतशाळेत तिला प्रवेश मिळाला होता. पण पुढे हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावं लागलं. ज्याने आयुष्यभर रियाज केलाय त्यालाच कळेल हे काय असतं.

थेरेमिनचं वाद्य तिला सापडलं आणि ती पुन्हा उभी राहिली. इथे गज ओढायचा नव्हता, तार दाबायची नव्हती. तिने हवेत बोटं मोजून मापून उघडण्या-मिटण्याची स्वतःची पद्धत बसवली, म्हणजे सूर घसरत न जाता एकावरून दुसऱ्यावर स्वच्छ जाईल. तिच्या मागण्यांनुसार थेरेमिनने तिच्यासाठी खास वाद्य बनवलं. त्यात सुरांचा पल्ला मोठा होता आणि आवाज पटकन तोडता यायचा. बनवणारा आणि वाजवणारी एकमेकांना शिकवत होते.

थेरेमिन तिच्या प्रेमात होता. तिच्या १८ व्या वाढदिवसाला त्याने असा केक बनवला की ती जवळ आली की तो गोल फिरायचा आणि वरचा दिवा पेटायचा. तेच सर्किट, पुन्हा! त्याने तिला लग्नाचंही विचारलं. तिने दुसऱ्याशी लग्न केलं, पण मैत्री टिकली.

पुढे थेरेमिनने लाविनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी लग्न केलं. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत हे अनेक श्रीमंत मित्रांना रुचलं नाही. त्यांनी पाठ फिरवली, आणि त्यांच्यासोबत पैसाही गेला.

परतीचं जहाज

१९३८ उजाडेपर्यंत थेरेमिन कर्जात बुडाला होता. इतक्या वर्षांत तो सोव्हिएत हेरखात्याला अमेरिकन कंपन्यांची माहितीही देत होता. हे त्याने म्हातारपणी स्वतःच सांगितलं. म्हणजे मैफली खऱ्या होत्या, पण त्याला बाहेर पाठवणाऱ्यांना त्यांच्या बदल्यात काहीतरी हवं होतं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो एका सोव्हिएत जहाजातून निघून गेला. लाविनियाचं म्हणणं होतं की त्याला जबरदस्तीने नेलं. त्याने नंतर सांगितलं की तो स्वतःहून गेला. काहीही असो, ती मागेच राहिली. दोघांची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

घरी स्वागत झालं नाही. स्टालिनच्या काळात परदेशात दहा वर्षं राहून आलेला माणूस म्हणजे संशयित. मार्च १९३९ मध्ये त्याला अटक झाली, ८ वर्षांची शिक्षा झाली आणि त्याची रवानगी कोलिमाला झाली. कोलिमा म्हणजे सायबेरियाच्या पूर्व टोकाची छळछावणी. प्रचंड थंडी, सोन्याच्या खाणी, उपासमार. तिथून परत न आलेल्यांची गणती नाही. त्याच्या आठवणीनुसार, त्याने दगड वाहणाऱ्या हातगाड्यांसाठी लाकडी रूळ बसवले आणि त्याच्या तुकडीचं काम कितीतरी वाढलं.

अमेरिकेत बऱ्याच लोकांनी त्याला मेलेलाच धरलं.

बॅटरी नसलेला कान

राज्यकर्त्यांना लवकरच लक्षात आलं की चांगले इंजिनिअर दगड वाहण्यात वाया जातायत. त्यासाठी त्यांनी खास तुरुंग काढले होते. कैदी इंजिनिअर, आणि तुरुंगातच प्रयोगशाळा. थेरेमिनला अशा ठिकाणी आणलं गेलं. विमानं बनवणारा तुपोलेव्ह आणि पुढे पहिला उपग्रह सोडणारा कोरोलेव्ह हेही त्याच्यासारखेच कैदी होते.

तिथे थेरेमिनने जे बनवलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला.

४ ऑगस्ट १९४५. सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला मैत्रीची भेट म्हणून लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा दिली. राजदूताने ती आपल्या निवासातल्या कामाच्या खोलीत भिंतीवर लावली. तपासणी झाली होती. आत वायर नाही, बॅटरी नाही, काही नाही.

पण आत होती एक छोटी तांब्याची डबी, तिच्या तोंडावर अतिशय पातळ पडदा, आणि तिला जोडलेली वीतभर अँटेना. एरवी ती पूर्ण निर्जीव. बाहेर रस्त्यापलीकडून कोणी ठरावीक रेडिओ लहर तिच्यावर सोडली की ती जागी व्हायची. खोलीत कोणी बोललं की पडदा थरथरायचा, कपॅसिटन्स बदलायचा, आणि परत फिरणाऱ्या लहरीत ते बोलणं मिसळून बाहेर जायचं. हाताच्या जागी आता माणसाचा आवाज आला होता. तत्त्व तेच.

सात वर्षं ती मुद्रा भिंतीवर होती. चार राजदूत त्या खोलीत काम करून गेले. १९५१ मध्ये एका ब्रिटिश रेडिओ ऑपरेटरला चुकून हवेत अमेरिकन बोलणं ऐकू आलं आणि शोध सुरू झाला. १९५२ मध्ये यंत्र सापडलं. १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत सगळ्या जगासमोर उघडून दाखवलं.

आता तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आठवा. त्यात बॅटरी असते का? नाही. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओ लहर सोडतो, त्याच लहरीवर फास्टॅगमधली चिप जागी होते आणि लहर परत पाठवताना त्यात आपला नंबर मिसळते. मेट्रोचं कार्ड गेटवर टेकवतो तेव्हाही कार्डाला ऊर्जा गेटच देतं. या सगळ्याला आरएफआयडी म्हणतात, आणि त्याच्या वंशावळीत त्या लाकडी मुद्रेचं नाव वर लिहिलं जातं.

थेरेमिनने अजून एक यंत्र बनवलं. खोलीत लोक बोलले की खिडकीची काच अगदी बारीक थरथरते. त्या काचेवर अदृश्य किरण सोडायचा आणि परत आलेल्या किरणातून बोलणं काढायचं. या कामांसाठी १९४७ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी त्याची सुटकाही झाली. कैदी असतानाची कामगिरी आणि देशातला मोठा सन्मान. सुटल्यावरही अनेक वर्षं तो त्याच गुप्त खात्यासाठी काम करत राहिला. त्याने पुन्हा लग्न केलं, जुळ्या मुली झाल्या.

पुन्हा वाद्यांकडे, पुन्हा बंद

१९६० च्या दशकात तो अखेर मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयात ध्वनीच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. पुन्हा वाद्यं बनवू लागला. १९६७ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने त्याला तिथे पाहिलं आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की थेरेमिन जिवंत आहे. तिकडच्या मित्रांसाठी ही केवढी आनंदाची बातमी! पण मॉस्कोत वरिष्ठांना ती खटकली. त्याची नोकरी गेली आणि बनवलेली वाद्यं मोडून टाकली गेली.

तेव्हा तो सत्तरीत होता. तुरुंग सोसलेल्या माणसाची वाद्यं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. नंतर मॉस्को विद्यापीठात त्याला साधं तंत्रज्ञाचं काम मिळालं. ते करता करता त्याने आपल्या नात्यातल्या लिडिया काविना या नऊ वर्षांच्या मुलीला वाद्य शिकवलं. ती पुढे जगभर कार्यक्रम करणारी वादक झाली.

१९९१ मध्ये, पंचाण्णव वर्षांचा असताना, तो न्यूयॉर्कला परत गेला. क्लारा तिथे होती. दोघंही म्हातारे. त्यांच्या भेटीचं चित्रण स्टीव्हन मार्टिन यांच्या माहितीपटात आहे, जमलं तर जरूर बघा. लाविनिया मात्र दोनच वर्षं आधी वारली होती. ३ नोव्हेंबर १९९३ ला मॉस्कोत थेरेमिनने जगाचा निरोप घेतला.

न्यूयॉर्कमधला एक मुलगा आणि किट

आता गोष्टीची दुसरी बाजू. थेरेमिन इकडे गुप्त खात्यात अडकलेला असताना त्याचं वाद्य तिकडे साध्या लोकांच्या घरात वाढत होतं.

१९४९ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मूग नावाच्या शाळकरी मुलाने वडिलांसोबत घरच्या घरी थेरेमिन बनवलं. एका मासिकात आकृती छापून आली होती, त्यावरून. त्याला इतकी गोडी लागली की १९५४ मध्ये, विशीतच, त्याने थेरेमिन विकायला सुरुवात केली. १९६१ मध्ये त्याने ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनची माहिती मासिकात छापली आणि सुट्या भागांचं किट काढलं. किंमत ५० डॉलरला पाच सेंट कमी. राहत्या घरातून सुमारे हजार किटं गेली. बडी कंपनी ५०० वर अडकली होती आणि एका विद्यार्थ्याने घरातून त्याच्या दुप्पट विकली.

त्याच पैशातून आणि अनुभवातून १९६४ मध्ये मूग सिंथेसायझर आला. पुढच्या चाळीस वर्षांतलं पॉप, डिस्को आणि सिनेमाचं संगीत त्याने बदलून टाकलं. आपल्याकडेही तो लवकर पोहोचला. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले.

थेरेमिनची गुप्त यंत्रं कपाटात राहिली. ज्या वाद्याची आकृती छापली गेली, ते मात्र हजार हातांत गेलं आणि त्यातून नवीन वाद्यं जन्मली. मला या सगळ्या गोष्टीत हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

घरी करून बघा

तुम्हाला दोन जुने, सेलवर चालणारे, काटा असलेले रेडिओ मिळाले तर माझा प्रयोग तुम्हीही करू शकता. डिजिटल आकडे असलेले नवीन रेडिओ चालणार नाहीत. आणि विजेच्या बोर्डाला जोडलेला रेडिओ उघडायचा नाही, अजिबात नाही.

१. पहिला रेडिओ मिडियम वेव्हवर लावा आणि १,००० किलोहर्ट्झच्या पुढचं एखादं स्टेशन पकडा.

२. दुसरा रेडिओ शेजारी ठेवा, त्याचा आवाज पूर्ण कमी करा आणि काटा पहिल्यापेक्षा ४५५ ने खाली न्या. म्हणजे स्टेशन १,०५० वर असेल तर साधारण ५९५ वर. प्रत्येक अशा रेडिओच्या पोटात स्वतःची एक लहर तयार होते, ती काट्यापेक्षा ४५५ ने वर असते. त्या लहरीची स्टेशनशी टक्कर झाली की पहिल्या रेडिओतून शिट्टी येते.

३. काटा हळूहळू सरकवत शिट्टी शोधा. सापडली की दुसऱ्या रेडिओचं मागचं झाकण काढा आणि ज्याला दुकानदार गँग म्हणतात त्या ट्यूनिंगच्या भागाजवळ हात न्या. सूर बदलेल. रेडिओची माहिती असलेल्या कोणाकडून गँगच्या ऑसिलेटरच्या पायाला वीतभर वायर जोडून घेतली तर हात लांबूनही चालतो.

४. चार्जर आणि एलईडी दिवे बंद ठेवा, नाहीतर नुसती खरखर.

मी दोन संध्याकाळी घालवल्या. सा पासून प पर्यंत कसंबसं पोहोचलो, तोही सा परत सापडला नाही. पण दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून शेजारी येऊन बसले. ज्या शिट्टीला त्यांनी आयुष्यभर शत्रू मानलं, तिच्यावर त्यांनी एक जुनं भावगीत काढायचा प्रयत्न केला. ओळखू येईल इतपत जमलंही.

तुमच्या खिशातलं काय?

आता हा लेख वाचताना तुमचं बोट ज्या स्क्रीनवर फिरतंय, तिच्या काचेखाली न दिसणाऱ्या तारांची बारीक जाळी आहे. बोट आलं की त्या जागेचा कपॅसिटन्स बदलतो आणि फोनला कळतं की बोट कुठे आहे. म्हणून तर सुती हातमोजा घातला की स्क्रीन दाद देत नाही. टचस्क्रीन थेरेमिनने शोधली नाही, पण शरीर जवळ आल्याचं सर्किटला कळतं हे त्याने जगाला नाचवून, गाऊन दाखवलं.

त्याच फोनमध्ये माइकही आहे. म्हणजे लेनिनसमोर ठेवलेली दोन्ही यंत्रं, वाद्य आणि पहारेकरी, आज आपण एकत्र खिशात घालून फिरतोय. कोणतं कधी चालू आहे हे बघण्याची सोय आपल्याकडे आहे, ती वापरा. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनवर माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, आयफोनवर केशरी. टॉर्चच्या ॲपने माइकची परवानगी मागितली असेल तर सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

मॉस्कोतल्या त्या राजदूतांना असा ठिपका दिसत नव्हता.

आमचे दोन्ही रेडिओ आता माळ्यावर परत गेलेले नाहीत. ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहेत, आणि दुसऱ्याचं मागचं झाकण बाबांनी अजून लावलेलं नाही.